मनकर्णाचा रंगीत फोटो

ताडकळसच्या बाजारात माझं कटलरीचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक ताडपत्री, चार बांबू आणि आत पाच खण असलेली पत्र्याची पेटी. पण परभणीच्या पक्क्या दुकानदारानंही माझ्याकडून शिकावं, इतकं मला बाईच्या तोंडावर काय शोभतं ते कळतं. ही फुशारकी नाही. गिऱ्हाईक पेटीसमोर टेकलं की तिला काय द्यायचं ते माझं ठरलेलं असतं, आणि ते सोडून ती भलतंच मागायला लागली की माझं डोकं फिरतं.

सगळ्या एकच चूक करतात. रंग सावळा, आणि हात जातो गुलाबी पावडरीकडं. मग तोंड राखाडी आणि खाली मान तशीच काळी. मी तोंडावर सांगते, "पिठाच्या डब्यात पडलीस का गं?" सावळ्या रंगाला पिवळसर झाक असलेली पावडर घ्यावी, आधी ओल्या तळहातावर चोळावी, तोंडाला, मानेला, कानामागं सारखी लावावी आणि वरून कोरड्या फडक्यानं टिपून काढावी. तोंड गोल असलं तर टिकली लांबट, तोंड लांबट असलं तर गोल. बारीक डोळ्यांत काजळ भरायचं नसतं, नुसती कड ओढायची. लिपस्टिक ओठावर घासू नये, बोटावर घेऊन ओठात जिरवावी. आणि उन्हात राबणारीनं विटकरी रंग घ्यावा, फिका गुलाबी तिच्या ओठांवर उपरा दिसतो.

मी स्वतः रोज सकाळी अशी तयार होऊन बसायची. आमचे मालक, बन्सीधर, निजामाबादला जिनिंगमध्ये कामाला गेले, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं येणंजाणं होतं, मग तेही थांबलं. कुणी म्हणे तिकडंच बिऱ्हाड केलं, कुणी म्हणे तसं काही नाही. मी विचारायला गेले नाही. सुजलेल्या डोळ्यांनी बाजारात बसले असते तर बायांनी माल घ्यायचा सोडून माझी कीवच केली असती. म्हणून ठसठशीत कुंकू, स्नो, पावडर, काजळ, सगळं जागच्या जागी. बाया म्हणायच्या, "धुरपताबाईला काय कमी हाय?" मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मनकर्णा माझ्याकडं यायला लागली ती त्याच सुमाराला. नामांतराचे मोर्चे चालू होते, एसटी आज असायची, उद्या नसायची. मनकर्णा धनगर गल्लीतली, पंचवीस-सव्वीस वर्षांची, रोजानं कापूस वेचायला जाणारी. उंच, हाडापेरानं थोराड, गालांवर वांगाचे डाग, डोळ्यांखाली काळं. पेटीच्या टोकाला उकिडवी बसायची, एकेक वस्तू उचलून बघायची, परत ठेवायची आणि काही न घेता उठायची. तीन बाजार मी सोसलं. चौथ्या बाजारी म्हणाले, "बगून बगून माल झिजायला लागला माझा. घ्यायचं काय हाय ते तरी सांग."

तिनं डोळ्यांखाली बोट लावलं. "आक्का, ह्ये काळं जायला काय हाय का तुमच्याकडं?"

"झोप," मी म्हणाले.

ती हसली नाही. "ती कुटं मिळती?"

मी तिला पेटीमागं बोलावलं, गुळाचा चहा पाजला, आणि मग तिनं सांगितलं.

तिचा नवरा मल्हारी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर निघायचा आणि पावसाळ्याला घरी यायचा. त्यांची रीतच तशी. आठ महिने वाट बघायची तिला सवय होती. पण दोन वर्षांपूर्वी कळप चारठाण्याकडं असताना मेंढरांत रोग आला. ऐंशीतली साठ मेंढरं आठ दिवसांत गेली. उरलेली त्यानं चुलतभाऊ रायभानाबरोबर घरी पाठवली आणि आपण चारठाण्याच्या एका जमीनदाराकडं, माणिकरावांकडं, मेंढरं राखायला राहिला. पगार म्हणून वर्षाला दहा कोकरं. कळप उभा राहिल्याशिवाय गावात तोंड दाखवत नाही, असा निरोप धाडला. दोन पावसाळे गेले. मल्हारी आला नाही.

"मग तू जा की तेच्याकडं."

"बोलावल्याबिगर कशी जाऊ, आक्का? आन सासूला कोन बगल? डोळ्यानं दिसत न्हाई तिला." चहाची बशी तिनं तशीच हातात धरली होती. "तेला म्या आठवत आसंल का वो? मला तर तेचं तोंडच धड आठवंना झालंय. आवाज येतो कानात. तोंड आठवाया गेलं की निस्ता पटका दिसतो."

मला लिहिता येतं, पण मल्हारीला वाचता येत नव्हतं. आणि माणिकरावांकडून पत्र वाचून घेऊन त्यात बायकोचं मन ऐकायचं, हे त्या दोघांनाही परवडलं नसतं. मला एकदम सुचलं. रायभान दर दोन महिन्यांनी जिंतूरकडं जायचा, जाताना पीठमीठ घेऊन मल्हारीला भेटायचा. त्याच्या हाती फोटो द्यायचा. रंगीत फोटो. बघितला की पाय आपोआप गावाकडं वळतील. "असं तोंड करून देते तुजं," मी म्हणाले, "की मेंढरं तिथंच टाकून पळत यील."

बाजार नसलेल्या दिवशी आम्ही पूर्णेला गेलो. स्टेशनजवळ एक फोटो स्टुडिओ होता. मी पेटीच घेऊन गेले होते. फोटोवाल्याच्या आतल्या खोलीत तिला खुर्चीवर बसवलं आणि कामाला लागले. आधी ताकाच्या निवळीनं तोंड पुसलं. मग स्नो. वांगाच्या डागांवर आणि डोळ्यांखाली बोटानं थापटून थापटून तीन थर दिले, प्रत्येक थर वाळू दिला. वर पिवळसर पावडर, मानेपासून केसांपर्यंत. ओठ उलले होते, त्यांवर आधी ग्लिसरीन चोळलं आणि मग विटकरी रंग जिरवला. कपाळ मोठं, म्हणून टिकली भुवयांच्या जरा वर घेतली. माझी जांभळी नायलॉनची साडी नेसवली. कापूस वेचून बोटं चिरली होती, ती पदराखाली घ्यायला लावली.

आरशात बघून तिनं गालाला बोट लावलं. "ह्ये म्या हाय?" म्हणाली. मग हळूच, "आता तेनं बगितलं तर," आणि पदर सारखा केला. मला माझ्याच हाताचा इतका अभिमान वाटला की विचारू नका.

फोटोवाल्यानं मागं तळ्याचा आणि हंसांचा पडदा सोडला. स्टुलावर काळा टेलिफोन ठेवला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. तो काही कशाला जोडलेला नव्हता. सगळ्यांचेच फोटो तो तसे काढायचा. मनकर्णानं उलटा धरला. त्यानं सुलटा करून दिला आणि म्हणाला, "बोलल्यासारखं करा बाई." मी पडद्याआडून ओरडले, "हस की गं!" ती हसली. दात पांढरेशुभ्र होते तिचे, ते मला त्या दिवशी कळलं.

आठ दिवसांनी फोटो आला. तो इतका झकास होता की दुकानात टांगावा असं मनात आलं. पण तो रायभानाच्या हाती गेला.

त्यानंतरचा प्रत्येक बाजार मनकर्णा माझ्या पेटीशेजारी बसायची. गिऱ्हाईक आलं की सरकायची, पण डोळे रस्त्यावर. तिच्यात थोडा जीव आला होता. एकदा तर आपण होऊन म्हणाली, "आल्यावर ती विटकरी लिपस्टिक तेवढी द्या मला. घरात लावीन." मी कांडी बाजूला काढून ठेवली.

तिसऱ्या बाजारी रायभान आला. एकटाच. आमच्यासमोर बसला, मुंडाशानं तोंड पुसलं, मनकर्णाकडं न बघता माझ्याकडं बघूनच बोलायला लागला.

"दादानं फोटू लय येळ बगितला, आक्का. मग मला इचारलं, ही टेलिफोनात कुनासंगं बोलायली? म्या म्हनलं, फोटूवाल्यानं दिला आसंल हातात. तर म्हनला, हसायली तर खरी."

"मंग?" मी म्हणाले.

"मंग काई न्हाई. म्हनला, चांगली हाय. आंगानं भरली, रंग उजळला. माझ्याबिगर चांगली हाय. आसली साडी, आसली पावडर, म्या काय देनार हिला? धा कोकरं?" रायभान खाली बघत राहिला. "फोटू पटक्यात ठिवला आन मेंढराकडं गेला. निघताना म्हनला, तिला म्हनावं सुखानं ऱ्हा. मपली वाट बगू नको."

मनकर्णा गुडघ्यांत तोंड घालून बसली. तिचा हुंदका सगळ्या बाजाराला ऐकू गेला असता तरी चाललं असतं, पण तिनं तो येऊच दिला नाही.

मला आधी राग आला मल्हारीचा. माणूस आहे का मेंढरू? मग फोटोवाल्याचा, त्याच्या त्या मुडद्या टेलिफोनचा. तोंडात येतील त्या शिव्या मी दोघांना दिल्या. रायभान ऐकून घेऊन उठून गेला. आणि मग राग करायला मीच उरले.

दोन वर्षं त्या बाईनं ज्या माणसासाठी झोप मोडली, त्याची खूण तिच्या डोळ्यांखाली होती. त्याच्या आईचं करून, उन्हात कापूस वेचून गाल काळवंडले होते. मल्हारीला दिसायला पाहिजे होतं ते तेवढंच होतं, आणि तेच मी तीन थर देऊन झाकलं. वर हसायला लावलं.

आदल्या वर्षी आमच्या गावचे दत्तराव निजामाबादला कापसाच्या कामाला जाऊन आले होते. आल्यावर मुद्दाम दुकानाशी थांबून म्हणाले, "बन्सीधर भेटला बरं का. तुझी खुशाली विचारत होता. मी म्हटलं, काही काळजी करू नको, बाई मजेत आहे, नटूनथटून बसते, दुकान जोरात आहे. बरं, म्हणाला." दत्तरावांना वाटलं, मला बरं वाटेल. आणि मला बरं वाटलंही होतं! कशी जिरवली, असं वाटलं होतं. ते "बरं" म्हणताना मालकांचं तोंड कसं झालं होतं, हे मी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी ताडपत्रीखाली बसून ते मला विचारावंसं वाटलं, आणि इतकं वाटलं की समोर एक बाई रिबिनी मागत होती ती कंटाळून निघून गेली.

मी पेटी बंद केली. बाजार अजून अर्धा बाकी होता.

"ऊठ," मी मनकर्णाला म्हणाले. "उद्या पयल्या गाडीनं जायचं तू. परभनी, जिंतूर, चारठाना."

"बोलावल्याबिगर?"

"बोलावनं यायची वाट म्या नऊ वर्सं बगितली. काय आलं?"

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या स्नो-पावडरीच्या आत बघितलं, असं मला वाटलं. मी नजर काढून घेतली. "सासूला म्या बगते," म्हणाले. "म्हातारीला माज्या हातची भाकर चालती का नाई, तेवढं इचारून ठिव."

सकाळी मी फाट्यावर गेले तेव्हा ती आधीच उभी होती. हातात भाकरीचं फडकं. अंगावर तिचंच लुगडं, धुऊन विटलेलं. आणि तोंडाला पावडर! कुणाकडून मागून आणली होती कोण जाणे, तीही गुलाबी, नाकावर जास्त आणि हनुवटीला नाहीच. माझा हात शिवशिवला. दोन मिनिटांत नीट करून दिलं असतं. सवयच ती. तोंडातल्या तोंडात मी तिला शिकवायलाही लागले होते, मानेला का नाही लावली म्हणून.

मग मी पदराचं टोक ओलं केलं आणि तिचं तोंड पुसलं. कपाळ, नाक, गाल. डोळ्यांखाली दोनदा पुसलं. वांगाचे डाग वर आले. रात्रभर रडून पापण्या सुजल्या होत्या त्या दिसायला लागल्या. तिनं लहान लेकरासारखं तोंड वर धरलं होतं. एवढ्या वर्षांत शेकडो बायांना मी सजवलं, पण कुणाचं तोंड असं उघडं करून हातात धरलं नव्हतं.

परभणीची गाडी आली. गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली, फडकं मांडीवर घेतलं आणि गजातून खाली वाकली. तिची भीती मला इथं रस्त्यावर उभं राहून दिसत होती.

"आक्का," ती म्हणाली, "कशी दिसायले म्या?"

"लय वाईट दिसायलीस," मी म्हणाले. "वाटंत कुटं तोंड धू नको. जा."