एनोसाकाकांचे चार दिवस

“बहिणीचा नवरा दुखवट्याच्या रजेच्या यादीत नाही, एनोसा. बायकोचा भाऊ आहे, पण बहिणीचा नवरा नाही.” डेरिलने कागद पुन्हा वाचला, कुठे सापडला तर बरं, असं त्यालाही वाटत असावं. मुख्य भूमीवरच्या केर्न्स शहरातून आमच्या बेटावर कौन्सिलचा साहेब होऊन येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

एनोसाकाका टोपी हातात घेऊन उभे होते. पाण्याच्या पंपावर सव्वीस वर्षं नोकरी. भांडले नाहीत. साठलेल्या रजेतले चार दिवस धरा म्हणाले. ती रजा त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राखली होती. अर्ज माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून मला ठाऊक.

ते गेल्यावर मी डेरिलला सांगितलं, आमच्यात रक्ताच्या माणसांनी रडायचं आणि गेलेल्याच्या बायकोच्या भावांनी राबायचं. त्यांना मरिगेथ म्हणतात. काकांची बहीण डल्सी, तिला भाऊ हा एकच.

काका आणि डल्सीचा गेलेला नवरा अनिबा तीस वर्षं एकाच होडीतून मासेमारीला जात. त्या अनिबाला काकांनी आंघोळ घातली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला. दोनशे माणसांचा भात रांधला. डल्सी किटली उचलायला उठली, तर हातातून काढून घेतली.

“तू बस. तुझं काम रडायचं.”

स्वतः मात्र चारही दिवस टिपूस काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी डेरिल आला आणि कुंपणापाशीच घुटमळला. काका कमरेइतक्या खड्ड्यात उभे राहून कबर खणत होते.

“रक्ताचा नाहीस ना? मग ये. फावडं घे.”

डेरिलने बूट काढले आणि खाली उतरला. संध्याकाळी त्याच्या तळहातांना फोड आले होते.

सोमवारी काका लंगडत, पण वेळेवर कामावर आले. रजेच्या कागदावर सही घ्यायला मी पंपावर गेले. पंप धडधडत होता. टाकीमागे काका पालथ्या बादलीवर बसले होते, तोंड टॉवेलात खुपसून. आवाज ऐकू येत नव्हता, खांदे तेवढे हलत होते. मधूनच मान वर करत, डोळे पुसून दाबाचा काटा बघत, आकडा वहीत टिपत, आणि पुन्हा टॉवेलात तोंड घालत.

मी तशीच मागे फिरले. सही दुपारी घेतली.