परबबाईंची टेस्ट

कुंडलिक वाघमारे गाडी शिकवायला बसला की स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरायचा. बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला धोंडिराम नाईकांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिथे तो नऊ वर्षं शिकवत होता, आणि या नऊ वर्षांत एकाही बाईच्या हातावर हात ठेवून त्याने गिअर टाकून दिला नव्हता. "दुसरा टाका. अजून थोडा ओढा. हां, बसला," असं तोंडानेच सांगायचा. अगदीच वेळ आली तर त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होताच. बाकीचे मास्तर त्याची टिंगल करायचे, पण बायका नाव घालायला आल्या की वाघमारे मास्तरच मागायच्या. त्याचा त्याला अभिमान होता. बाहेर तो बोलून दाखवत नसे. घरी बायकोला, शांताबाईला, मात्र जेवताना हमखास ऐकवायचा.

सत्त्याऐंशी साली त्याच्याकडे सुलक्षणा परब शिकायला आली. नवरा आणि लहान मुलासोबत बोरिवली पूर्वेच्या एका चाळीत राहायची, माणसं मूळची कणकवलीकडची. नवरा जयवंत मॅटाडोरमधून शाळेची मुलं ने-आण करायचा. दहिसरजवळ ट्रकने ठोकरलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यातून गेला. मॅटाडोर दुरुस्त होऊन चाळीपुढे ताडपत्रीखाली उभी होती, चालवणारा नव्हता. "तूच शीक," असं जयवंतच तिला म्हणाला होता. म्हणाला खरा, पण ती शिकायला जाऊ लागली तसा तो जास्त जास्त गप्प होत गेला.

सुलक्षणा फार बोलायची नाही. पदर कमरेला घट्ट खोचून, आरशात बघून, देवापुढे बसावं तशी स्टिअरिंगपुढे बसायची. पहिल्या पंधरा दिवसांत तिने गाडी इतक्यांदा बंद पाडली की कुंडलिकलाही वाटलं, हिला जमायचं नाही. मग एक दिवस तिला क्लच कळला. कुठे सोडायचा, किती सोडायचा, हे तिच्या पायाला उमगलं, आणि त्यानंतर तिला फारसं शिकवावं लागलं नाही.

नाईकांचा नियम होता, बाई एकटी असेल तर धडा द्यायचा नाही. मागे दुसरी शिकणारी हवीच. सुलक्षणाबरोबर उत्तरा नावाची कॉलेजातली मुलगी यायची. टेस्टला आठ दिवस राहिले असताना एका सकाळी उत्तरा आली नाही. कुंडलिक घुटमळला.

"मास्तर, आजचा बुडला तर रिव्हर्स राहील ओ माझा," सुलक्षणा म्हणाली.

"बरं, चला," तो म्हणाला.

ते चारकोपला गेले. तिकडे सेक्टर पाडले होते, रस्ते झाले होते, घरं मात्र तुरळक. शिकाऊ माणसाला असा मोकळा रस्ता दुसरीकडे कुठे मिळणार? सुलक्षणाने तीनदा रिव्हर्स घेतला, तिन्ही वेळा सरळ. परत फिरताना रेतीच्या ढिगामागून एक कुत्री पिल्लू तोंडात धरून थेट गाडीपुढे आली. कुंडलिकचा पाय ब्रेककडे जायच्या आत गाडी थांबली होती. झटका नाही, इंजिन बंद नाही.

"शाबास!" कुंडलिक म्हणाला. "मलाही असं जमलं नसतं."

सुलक्षणाने गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, सगळं शिकवल्यासारखं केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली.

तो घाबरला. "अहो बाई, काय झालं? लागलं का?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "वर्ष झालं मास्तर, यांचा पाय जाऊन. पाण्याचा तांब्या दिला तरी चुकतंय, नाही दिला तरी चुकतंय. बरं केलंस, असं कोणी म्हटलंच नाही." आणि पुन्हा रडू लागली. पाठ गदगदत होती.

कुंडलिकला आपली लेक शकु आठवली. ती पण सासरहून आली की अशीच आवाज न करता रडायची. त्याचा हात मांडीखालून कधी निघाला ते त्याला कळलं नाही. त्याने तो सुलक्षणाच्या डोक्यावर ठेवला. दोनदा थोपटलं आणि काढून घेतला.

रस्त्यापलीकडे विमला सावंत उभी होती. सुलक्षणाच्याच चाळीतली. त्यांना चारकोपला प्लॉट लागला होता, तो बघायला ती आली होती.

तिसऱ्या दिवशी जयवंत कुबड्यांवर स्कूलमध्ये आला. मागे सुलक्षणा. नाईकांनी कुंडलिकला आत बोलावलं. जयवंतने आरडाओरडा केला नाही. घामाने डबडबलेला होता. खुर्ची दिली तरी बसला नाही.

नाईक म्हणाले, "कुंडलिक, चाळीत काहीबाही बोलतायत. त्यात तू कोण, कुठला, हेही काढतायत लोक. तू सरळ सांग. चारकोपला यांना हात लावलास?"

कुंडलिकने तोंड उघडायच्या आत सुलक्षणा म्हणाली, "मी सांगितलंय ना यांना. मास्तर आपल्या सीटवर होते. हातबीत काही लावला नाही." बोलताना ती कुंडलिककडे बघत होती. डोळ्यांत एवढीच विनवणी होती, की तुम्हीही तसंच म्हणा आणि मिटवा.

त्याला ते कळलं नाही असं नाही. 'नाही' एवढाच शब्द पुरला असता. पण त्याला वाटलं, नाही म्हटलं तर माझ्या मनात काही होतं असं होईल. लपवायला मी केलं काय? नऊ वर्षं स्वच्छ वागलेला माणूस तो. ताठ उभा राहून म्हणाला, "डोक्यावर हात ठेवला. रडत होत्या म्हणून. माझ्या पोरीच्या ठेवतो तसा."

जयवंतने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो बायकोकडे वळला.

"मग मला 'नाही' का म्हणालीस?"

ती भिंतीवरच्या सिग्नलच्या तक्त्याकडे बघत राहिली. जयवंत कुबड्या टेकत बाहेर पडला, ती त्याच्यामागून गेली.

"गाढवा," नाईक हळूच म्हणाले, "तुला कोणी कोर्टात उभं केलं होतं का?"

टेस्टच्या दिवशी कुंडलिक तिचे कागद घेऊन अंधेरीला आरटीओच्या फाटकाशी थांबला. बाकीची पोरं पास होऊन पेढे वाटायला लागली. दुपारी इन्स्पेक्टरने विचारलं, "परब कोण?" कुंडलिक म्हणाला, "आल्या नाहीत." महिनाभरात मॅटाडोर विकली गेल्याचं कानावर आलं. तिच्याकडे जाऊन माफी मागावी असं त्याला कितीदा वाटलं. पण तो चाळीच्या दारात दिसला असता तर तिच्या उरल्यासुरल्या संसाराचीही वाट लागली असती. शांताबाईला त्याने यातलं काही सांगितलं नाही. जेवताना तो गप्प बसायला लागला.

दीड वर्षाने एका दुपारी जयवंत रिक्षातून उतरला. आता लाकडी पाय बसवला होता. केस पांढरे झाले होते. ओळखल्यावर कुंडलिक उठून उभाच राहिला.

"बसा, मास्तर. भांडायला नाय आलो," जयवंत म्हणाला. "ती गेली गावाक. पोराक घेऊन. आता येवची नाय."

कुंडलिकने त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. तो बसला.

"एकच विचारूचा होता. तेव्हा तुम्ही बोललात, तेवढाच होता?"

"तेवढंच."

जयवंतने मान डोलावली. "मग तिने मला खोटं कशाला सांगावं?"

"खरं सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतंत?"

रस्त्यावरून बस गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. "नाय," जयवंत म्हणाला. "तेव्हा नाय."

"चुकलं माझंच," कुंडलिक म्हणाला. "मी तिच्याकडे बघायला हवं होतं. मी माझंच नाव बघत बसलो."

जयवंत जायला उठला, मग दाराशी थांबून म्हणाला, "गाडी कशी चालवायची ओ ती? मी कधी विचारलंच नाय."

"फार छान," कुंडलिक म्हणाला. "पहिल्या फटक्यात पास झाली असती."

"तिकडे आंब्याच्या बागेत कामाला जाते," जयवंत म्हणाला आणि रिक्षाला हात केला.