आतली गळती

सकाळी संडासातून उठताना नळवाल्या मामांनी भांड्यात वाकून बघितलं आणि ते दचकलेच. डांबर! काळंकुट्ट, चिकट, आणि वास असा की विचारू नका. जन्मभर लोकांची तुंबलेली गटारं मोकळी केलेला माणूस, पण असलं काही त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

मामांच्या धंद्याचा एकच नियम. खाली जे येतं ते वरून कुणीतरी टाकलेलं असतं. मग काल रात्रीचं जेवण कुणी रांधलं होतं? कालच माहेरून परतलेल्या सुनेने. झालं तर!

सुनेवर त्यांचा राग आधीपासूनच होता. गच्चीवरच्या टाकीवर चढताना मामांचा पाय घसरला, तेव्हापासून तिने त्यांची हत्यारांची पिशवी कपाटात कोंडून ठेवली होती. "बाबा, आता पुरे झालं. गुडघे बघा तुमचे!" वर तिला स्वतःच्या आईशी फोनवर कुजबुजताना मामांनी ऐकलं होतं, "बाबांचं आता काहीतरी करायलाच हवं." काय करायचं होतं हिला? गुडघ्यांवर तर मामा स्वतःच इलाज करत होते. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणायच्या, एक गिळायची, फार ठणकलं तर दोन. घरात त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

त्या दिवसापासून ताट आलं की मामा म्हणायचे, "आधी तू खा." पहिल्यांदा सून हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. घास घेतला, गिळला आणि आत निघून गेली. तरी मामांना चैन पडेना. हिने बरोबर चांगल्या बाजूचाच घास उचलला नसेल कशावरून? मग ते जेवणच टाळू लागले. भूक नाही म्हणायचं आणि रिकाम्या पोटी गुडघ्याची गोळी घ्यायची. पोटात नुसती आग पडायची. बघा, भिनतंय विष! शेवटी त्यांनी लेकाला बाजूला घेतलं. "बायकोवर लक्ष ठेव रे. मी काय, आज आहे उद्या नाही."

लेक भडकला. "काहीतरीच काय बोलता, बाबा!"

ठीक आहे, पुरावाच देतो, मामांनी ठरवलं. छत ठिबकत असलं की ते वरच्या मोरीत रंगीत पाणी ओतून खाली वाट बघत उभे राहायचे. तोच डाव इथे टाकला. दुपारी सुनेच्या हातचं चार घास जेवले आणि सोबत मूठभर मक्याचे दाणे न चावता गिळले. मक्याची साल पचत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. संध्याकाळी दाणे आणि डांबर एकत्र उतरले की सून सापडली.

संध्याकाळी काहीच नाही. दुसऱ्या सकाळी डांबर आलं, पण दाणा औषधालाही नाही. मामा चक्रावले. तोंडापासून खालपर्यंत पाइप असून असून असणार केवढा? एक नळी, एक टाकी, थोडं वेटोळं, संपलं!

दाणे दिसले ते त्याच्याही दुसऱ्या दिवशी. मामा बघतच राहिले. खाल्लेलं उतरायला एवढा वेळ लागत असेल, तर ते पहिलं डांबर आदल्या रात्रीच्या जेवणाचं नव्हतंच. ते त्याच्याही आधीचं. आणि तेव्हा तर सून माहेरी गेली होती! मामांच्या पोटात होता चहा, आणि गोळ्या.

"अरे देवा," म्हणत ते उठले, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. संडासाची कडी तोडून त्यांना बाहेर ओढलं ते सुनेनेच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघितलं. आत जखम होती आणि रक्त झिरपत होतं.

"मामा, जठरातलं आम्ल भलतं जहाल असतं," बाई म्हणाल्या. "जठर स्वतः शाबूत राहतं ते आतल्या बुळबुळीत अस्तरामुळे. तुमच्या गोळ्यांनी त्या अस्तराचीच वाट लावली, त्यात पोट रिकामं. वर सांडलेलं रक्त लहान आतड्याच्या वीसेक फुटांतून पचत पचत खाली येतं, म्हणून काळं."

"वीस फूट!"

"आणि पुढे मोठं आतडं. ते सावकाश पाणी शोषत बसतं, त्याला कसलीच घाई नसते. सुनेने वेळेवर आणलं म्हणून वाचलात."

दोन दिवसांनी सूप घ्यायची परवानगी मिळाली. सून वाटी घेऊन खाटेशी बसली. मामांना तिच्याकडे बघवेना.

"पोरी, चुकलो मी. फार चुकलो."

"तुम्हाला खरंच वाटलं होतं, बाबा? मी तसलं काही करीन असं?"

नाही म्हणणं सोपं होतं. "हो," मामा म्हणाले.

सुनेने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "तुमचं मी समजू शकते. तुम्ही आजारी होतात. पण तुम्ही पडलात ना, त्या रात्री तुमच्या लेकानेही मला विचारलं, बाबांच्या जेवणात तू काय घालत होतीस म्हणून."

मामा ताडकन उठून बसले. "येऊ दे त्याला! मी सांगतो सगळं. कान धरून माफी मागायला लावतो!"

"मागितली त्यांनी. रिपोर्ट बघितल्यावर लगेच मागितली." तिने चमचा भरून त्यांच्यापुढे धरला. "पण आता त्या माणसाला मी रोज जेवायला वाढायचं कसं, तेवढं सांगा मला."