भंगाराच्या बादलीतून परत

१९७८ साल होते. माँटानाच्या डोंगरांत शरद संपत आला होता आणि एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर होता. त्याच साली मला भंगार ठरवण्यात आले. मित्रांनो, मी रायफलच्या काडतुसाची एक जुनी पितळी पुंगळी आहे, आणि मी भंगारात गेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेच्या चकतीला तापवून, ठोकून, ओढून मला लांब केले. पोटात दारू, तोंडात गोळी आणि बुडाशी ठिणगीची टोपी. वेन्डेल लिंडक्विस्ट नावाच्या सुताराने मला विकत नेले. पहिल्याच बारात एल्क पडले आणि मी रिकामी होऊन बर्फात पडले. गोळीचे कौतुक झाले. आमच्याकडे कोण बघतो? पण वेन्डेलची बायको थोरा, जी दरवर्षी शिकारीच्या तळावर सगळ्यांचा स्वयंपाक करायची, तिने हातमोजा काढून बर्फ उकरला आणि मला खिशात टाकले.

त्यांच्या घरी मागच्या खोलीत बाकावर रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचे, दांड्याचे एक लोखंडी यंत्र होते. जळकी टोपी काढायची, अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात मला घोळवायचे, साच्यात दाबून फुगलेले अंग मापात आणायचे. मग नवी टोपी, काट्यावर तोललेली दारू, नवी गोळी. आधी हे काम वेन्डेलचे होते, हळूहळू ते थोराचे झाले. प्रत्येक वेळी ती तारेची बारीक आकडी माझ्या आत घालून तळाजवळची भिंत चाचपायची. पुन्हापुन्हा ताण बसला की पितळ तिथेच पातळ होऊन आतून खाच पडते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. किती हंगाम मी अशी भरली गेले, उडाले, परत आले. प्रत्येक वेळी आकडी आतून सरळ फिरायची आणि माझी मान ताठ व्हायची.

१९७८च्या वसंतात वेन्डेल वारला. सांत्वनाला आलेल्या शेजाऱ्यांची भांडीसुद्धा अजून परत गेली नव्हती, तोच त्याचा धाकटा भाऊ मर्ल दारात उभा राहिला. वेन्डेलची रायफल आणि पुंगळ्या आता घरातल्या पुरुषाकडे असाव्यात, असे त्याचे म्हणणे. थोराने रायफल दिली नाही. तेव्हा त्याने आमच्यातल्या चकचकीत तेवढ्या निवडून पिशवीत भरल्या आणि काळवंडलेल्या आम्हाला भंगाराच्या बादलीत फेकले.

"आत आकडी घालून बघ मर्ल, मगच भर. त्या फार वापरलेल्या आहेत," थोरा म्हणाली.

"वहिनी, पितळ आहे ते. तुमचा केक नाही, काडी खुपसून बघायला," असे म्हणून तो हसत निघून गेला.

शिकारीच्या तळाचा एक रिवाज होता, आणि तो मर्लनेच घातलेला होता. हंगामाआधीच्या रविवारी सगळ्यांनी खडीच्या खाणीत जमायचे. खांबाला पत्र्याची थाळी ठोकलेली असे. प्रत्येकाने तिच्यावर तीन बार काढायचे. तिन्ही गोळ्या थाळीत बसल्या, तर त्याने रायफल घेऊन डोंगरावर जायचे. ज्याचे तीन बार पुरे होणार नाहीत, त्याने तळावर कांदे चिरायचे आणि भांडी घासायची. थोराला वेन्डेलच्या शिकारीच्या डोंगरधारेवर जायचे होते. ज्या वाटेने तो इतकी वर्षे एकटा चढला, ती वाट तिने खालूनच पाहिली होती. मर्लने निरोप धाडला की स्वयंपाकाची जागा वहिनींसाठी राखून ठेवली आहे. तिने उलट निरोप पाठवला, "या वर्षी मी थाळीला भोकं पाडायला येणार आहे, थाळ्या वाढायला नाही."

आम्हाला तिने बादलीतून बाहेर काढले. पहिल्या एल्कची म्हणून मला ओळखले आणि सगळ्यांत आधी मलाच उचलले. आकडी आत गेली, फिरली आणि अडकली. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा अडकली. मी मनात ओरडत होते, भर मला, या बाराला मीच हवी! ती बराच वेळ मला हातात धरून बसली. मग तिने मला कोटाच्या खिशात टाकले आणि माझ्या जागी आकडी न अडकलेली दुसरी घेतली. माझा असा संताप झाला की विचारू नका.

खाणीत पहिला मान मर्लचा. त्याची पहिली गोळी थाळीत बसली. दुसऱ्या बाराचा आवाज वेगळाच आला. धूर मागे फिरला आणि त्याच्या चष्म्यावर काजळी बसली. नशिबाने डोळे वाचले. त्याने रायफल उघडली, तर पुंगळीचे नुसते बूड बाहेर आले. पुढचा भाग नळीतच अडकून बसला. त्या दिवसापुरती ती रायफल मुकी झाली.

मग मागून कोणीतरी विचारले, "मर्ल, कांदे बारीक चिरता येतात ना?"

"वहिनींच्याच पुंगळ्या होत्या," मर्ल पुटपुटला.

"हो, माझ्याच," थोरा म्हणाली. "म्हणूनच मला माहीत होतं."

तेव्हा खिशात माझा राग विरला. ते बूड माझ्या बहिणीचे होते, आणि थोराच्या हातात मीही तशीच तुटले असते.

थोराने तीन बार काढले. पहिल्या दोन गोळ्या थाळीत बसल्या, तिसरी अगदी थाळीच्या कडेला लागली.

"काठावर आहे," मर्ल म्हणाला.

"काठ थाळीचाच आहे," थोरा म्हणाली. "आणि नियम तुझा."

त्या हंगामात मर्लने भांडी घासली. पुढच्या वर्षी तो जंगली बेरींच्या मुरंब्याची बरणी घेऊन आला. माफी मागितली नाही, पण बाकावर बसून आकडी फिरवायला शिकला आणि मरेपर्यंत विसरला नाही. थोरा गुडघे साथ देईपर्यंत वेन्डेलच्या धारेवर जात राहिली. आता ती भाचीच्या घरी असते, ऐकू कमी येते, पण पितळ हातात दिले की तिची बोटे अजून आत काय आहे ते शोधू लागतात. बाक भाचीकडे आहे, आणि भोके पडलेली थाळी त्याच्यावर टांगलेली आहे.

आणि मी? थोराने मला कापून आखूड केले, तारेची मूठ डाख लावून जोडली आणि दारू काढायचे मापटे केले. आधी मी अंदाजे माप घालते, मग काट्यावर कणाकणाने तोल होतो. उडत नाही, पण माझ्याशिवाय एकही पुंगळी भरली जात नाही.

मित्रांनो, वस्तू काळी पडली म्हणून फेकू नका, आणि चकाकते म्हणून डोळे मिटून वापरूही नका. आत चाचपा. मग तिला दुसरे काम द्यायचे असेल तर द्या. मला कोणी दयेपोटी ठेवलेले नाही. मी कामावर आहे.