तीन दुतोंडी

गुरुवारी सकाळी साडेनऊला मशीनने पहिल्यांदा 'नाही' म्हटलं, आणि तेव्हापासून ताईचा पाय एका जागी ठरेना.

मशीन भरतकामाचं. बारा डोक्यांचं. म्हणजे बारा कोट एका रांगेत ताणून बसवायचे आणि बारा सुयांनी एकाच वेळी एकच नक्षी भरायची. आज दवाखान्याचे दोनशे चार पांढरे कोट होते. प्रत्येकाच्या डाव्या खिशावर दवाखान्याचं चिन्ह हवं होतं आणि संध्याकाळी पाचला त्यांचा माणूस गाडी घेऊन यायचा होता. सतरा फेऱ्यांचं काम. ताईने ते रात्रीच डोक्यात मांडून ठेवलं होतं. नक्षी तपासायची, रंग ठरवायचे आणि काम वेळेत बाहेर काढायचं, ही अकरा वर्षांची तिची जबाबदारी. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत. पाठीमागे तोफ. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

घोळ सोमवारी सुरू झाला. कारखान्यातला जुना कॉम्प्युटर बसला. कॉम्प्युटरवरून नक्षी जुन्या पेनड्राइव्हमध्ये घ्यायची आणि तो मशीनला लावायचा, अशी इतकी वर्षं वाट होती. मालक म्हणाले, "फोन आहे ना हातात? मग हे लोढणं कशाला दुरुस्त करायचं?" ज्याला स्वतःच्या हाताने एक टाका घालता येत नाही, त्याला बाकीच्यांचं अवजार नेहमी लोढणंच वाटतं. नक्षी बनवणारा बाहेरचा माणूस तशीही फाइल फोनवरच पाठवायचा. तेव्हा ठरलं की दोन्ही टोकांना पिना असलेला पेनड्राइव्ह आणायचा. एक टोक फोनमध्ये, दुसरं मशीनमध्ये. कारखान्यात त्याचं नाव लगेच पडलं, दुतोंडी.

आता पंचाईत अशी की मालकांच्या मेहुण्यालाही तेच नाव आधीपासून होतं. मेहुणा दोन वर्षांपूर्वी मॅनेजर म्हणून आला. वर केबिनमध्ये एक बोलायचा, खाली येऊन दुसरं. त्यामुळे कुणी विचारलं, "दुतोंडी कुठंय?" की शिलाईवाल्या बायका विचारायच्या, "कुठला? खिशातला की खुर्चीतला?"

पहिला दुतोंडी खुर्चीतल्याने आणला. बुधवारी, मोठ्या रुबाबात. चकचकीत स्टीलचं फिरतं झाकण, आणि आत दोनशे छप्पन जीबी.

"मॅनेजर, आपली नक्षी चाळीस केबीची असते," ताई म्हणाली. "चमचाभर पाण्यासाठी टाकी उचलून आणलीत. आणि हे मशीन बत्तीस जीबीच्या वरचं काही ओळखत नाही. मला विचारलं का नाही?"

"मोठं असलेलं केव्हाही चांगलं, ताई."

"पँट घेताना तसंच करता का?"

बायका खाली मान घालून हसल्या. मेहुण्याचे कान लाल झाले. गुरुवारी सकाळी तो ड्राइव्ह आधी फोनलाच बसेना. फोनचं रबरी कव्हर आड येत होतं, ते सोलून काढावं लागलं. मग मशीनला लावला, तर पडद्यावर लाल अक्षरं आली. 'नो मीडिया.' ताई म्हणाली, "बघा, सांगितलं होतं," आणि पर्स उचलून बाजाराच्या रस्त्याला लागली.

मोबाइलच्या दुकानात तिने अर्धा तास काढला. दुकानदार पोरसवदा नव्हता, चांगला पन्नाशीचा होता, पण बोलायचा पाठ केल्यासारखा. सेकंदाला इतकं, सेकंदाला तितकं, दोन तासांचा सिनेमा डोळ्याची पापणी लवेपर्यंत.

"मला सिनेमा न्यायचा नाही," ताई म्हणाली. "मला खिशावरचं चिन्ह न्यायचंय. लहानात लहान दाखवा."

"लहान आता कोण घेतं, ताई?"

"कोण घेतं काय? मी घेते! आम्ही घेतो, ज्यांना काम करायचं असतं ते!"

सगळं जग धावणाऱ्यांसाठी बनवतात. चालणाऱ्याने मागितलं की दुकानात त्याच्याकडे असं बघतात, जणू तो उधारीवर आलाय. शेवटी मागच्या खोक्यातून बत्तीस जीबीचा एक निघाला. सरकता. मधलं बटण पुढे ढकललं की एक पिन बाहेर, मागे ओढलं की दुसरी. झाकण नाही, हरवायचं काही नाही. तिला आवडला.

कारखान्यात येऊन तिने फोनमध्ये नक्षीची फाइल, 'डावा खिसा', शोधली, बोटाने दाबून धरली, कॉपी केली, ड्राइव्हमध्ये टाकली. बटण सरकवलं आणि ड्राइव्ह मशीनला लावायला गेली, तर पिन पोटात परत शिरली. पुन्हा लावला, पुन्हा शिरली. गोगलगाय बरी. शेवटी अंगठ्याचं नख बटणावर रोवून तिने तो आत दाबला.

लाल अक्षरं. 'नो फाइल.'

तिने 'नो' तेवढं वाचलं. पुढचं वाचायची तसदी घेतली नाही.

"मशीनचं हे पोर्टच, पिनेचं भोकच गेलंय," मागून मेहुणा म्हणाला. "सोमवारी काका ट्रॉली घेऊन मशीनला धडकले नव्हते का? जुना पेनड्राइव्ह तेव्हाच मोडला. आतलं पण हललं असणार."

काका म्हणजे मशीनचे ऑपरेटर. साठी ओलांडलेली, बोलणं कमी. मशीन आलं त्या दिवसापासून ते त्याच्यासमोर उभे होते. ते जवळ आले, वाकून बघितलं.

"ड्राइव्हचा दिवा लागतोय की," ते म्हणाले. "पोर्ट गेलं असतं तर..."

"काका, धडकलात तुम्हीच ना?" ताईच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. "मग आता दिवा दाखवू नका मला! अकरा वाजलेत. दोनशे चार कोट पडलेत. पोर्ट हललंच असणार, दुसरं काय?"

काका मशीनपासून मागे सरले. ताईने ते पाहिलं, पण थांबायला तिला वेळ नव्हता.

मेहुणा वर गेला. पाच मिनिटांनी मालक खाली आले. मेकॅनिक सोमवारशिवाय येत नव्हता. मालकांनी मशीनकडे बघितलं, मग काकांकडे. "काका, आता वय झालं तुमचं. ताईसुद्धा म्हणते पोर्ट तुमच्यामुळे गेलं. घरी जा. मी काय ते कळवतो."

काकांनी गळ्यातली कात्री काढून खिळ्याला अडकवली आणि गेले.

'ताईसुद्धा म्हणते.' ते तिच्या कानात चिलटासारखं गुणगुणत राहिलं. तिने ते झटकलं. आधी काम. हलत्या पोर्टात सरकती पिन कशी ठरणार, घट्ट काहीतरी हवं, असं स्वतःलाच बजावत ती पुन्हा बाजाराच्या रस्त्याला लागली. पायाला नुसती भिंगरी.

तिसरा दुतोंडी अखंड धातूचा होता. अंगठ्याएवढा, दोन्ही टोकांना दोन इवल्या टोप्या. "या टोप्या दोन दिवसांत हरवणार," ती म्हणाली.

"हरवतातच," दुकानदार पहिल्यांदा खरं बोलला. "आणि गरम होतो, सांगून ठेवतो. पण बसतो घट्ट."

"इथेच लावून दाखवा. मला तिसऱ्यांदा यायचं नाही."

काउंटरवर एक ठोकळ्यासारखा स्पीकर होता, वर बोटभर पडदा. दुकानदाराने स्वतःच्या फोनमधलं एक गाणं ड्राइव्हमध्ये घेतलं आणि स्पीकरला लावलं. गाणं वाजलं. पडद्यावर मात्र नावाच्या जागी नुसते चौकोन धावत होते. रिकामे चौकोन, ओळीने.

"हे काय?"

"नाव मराठीत आहे ना, त्याला वाचता येत नाही. स्पीकर जुना आहे. वाजवतो बिचारा. काही मशीनं तर अशी फाइल दाखवतसुद्धा नाहीत."

ताईने पर्समधून फोन काढला आणि नक्षीच्या फाइलचं नाव बघितलं.

डावा खिसा. बाहेरचा माणूस फाइल पाठवायचा तेव्हा नावात इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची माळ असायची. मागे एकदा त्या माळांच्या गोंधळात बाहीची नक्षी कॉलरवर गेली होती. म्हणून तिने फोनमध्ये प्रत्येक फाइलचं नाव बदलायला सुरुवात केली. स्वच्छ मराठीत. आपल्याला कळेल असं. कॉम्प्युटर होता तोवर मशीनसाठी फाइल काढताना तो गुपचूप नावाच्या जागी आपली आठ इंग्रजी अक्षरं टाकायचा, तिला कधी कळलंही नाही. फोन असलं काही करत नव्हता. तिने दिलेलं नाव त्याने जसंच्या तसं मशीनसमोर नेऊन ठेवलं.

'नो मीडिया' आणि 'नो फाइल'. पहिल्यात मशीन म्हणत होतं, काही लावलेलंच नाही. दुसऱ्यात म्हणत होतं, लावलंय, पण आत मला वाचता येण्यासारखं काही नाही. पोर्ट ठणठणीत होतं. दिवा लागत होता.

तिथेच उभ्याउभ्या तिने फाइलचं नाव बदलून 'ए वन' केलं, इंग्रजीत. फाइल नव्या ड्राइव्हमध्ये घेतली. घाईत दोनदा चुकलं.

कारखान्यात मशीनला ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर चिन्ह उमटलं, स्पष्ट, निळं, जागच्या जागी. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा!" मेहुणा म्हणाला. "घट्ट पिनेने काम केलं शेवटी. पोर्ट ढिलं झालंय हे मी म्हणतच होतो. बरं झालं, त्या म्हाताऱ्याचाही निकाल लागला."

आता ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. श्रेय ड्राइव्हला, दोष काकांना, आणि ती नामानिराळी. गप्प बसायला काही करावं लागत नाही, हीच त्यातली हरामखोरी आहे. सगळ्यांची चूक चव्हाट्यावर मांडणाऱ्या तोफेच्या तोंडात त्या क्षणी गोळा अडकला, हे तिला स्वतःला जाणवलं आणि तिच्या डोक्यात स्वतःबद्दलच तिडीक गेली.

"मालक!" ती जिन्याखालून ओरडली. "खाली या! सगळ्यांसमोर सांगायचंय."

मालक उतरले. हातात अर्धा खाल्लेला डबा.

"पोर्ट चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं होतं. मी फाइलला मराठी नाव दिलं, ते मशीनला वाचता येत नाही. चूक माझी. काकांची नाही, ड्राइव्हची नाही. माझी. काका दिवा लागतोय म्हणत होते, मी त्यांना बोलू दिलं नाही."

मालकांनी घास गिळला. "बरं. झालं ना आता? चालू करा."

"आणि काका?"

"त्यांचं बघू नंतर. वय झालंच आहे की."

"वय मशीनचंही झालंय. त्याला सोमवारी मेकॅनिक बोलावता आणि काकांना आजच घरी पाठवता?"

"ताई, चूक तुझीच म्हणतेस आणि वर आवाज पण तुझाच?" मेहुणा म्हणाला.

"हो. दोन्ही माझंच आहे. तुमचं काय आहे इथे?"

ती कारखान्याबाहेर पडून चालायला लागली. काकांचं घर मागच्या दोन गल्ल्या सोडून. दारात काकू उभ्या.

"बाहेरूनच बोला," काकू म्हणाल्या. "आत आवाज घुमतो."

काका उंबऱ्यातच बसले होते, शर्टाचं बटण शिवत. मान वर केली नाही. ताईने उभ्यानेच सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, चौकोनांसकट.

"मला वाटलंच होतं नावाचं काहीतरी," काका म्हणाले. "मशीन आलं तेव्हा शिकवायला आलेल्या माणसाने सांगितलं होतं, आठ अक्षरं, इंग्रजी."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी दोरा ओढून घट्ट केला. "कधी बोलायचं? तू श्वास घेशील तेव्हा?"

मागे काकू फिस्सकन हसल्या. ताईला राग आला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिने फोन काढला, मालकांना लावला, आवाज मोठा केला आणि फोन काकांच्या समोर धरला.

"काका इथेच आहेत. बोला."

"अरे, येऊ दे की त्यांना," फोनमधून मालक म्हणाले. "मी कुठे नको म्हणालो?"

"म्हणालात," काका शांतपणे बोलले. "सकाळी अकराला. सगळ्यांसमोर."

फोनमध्ये डब्याचं झाकण वाजल्याचा आवाज आला.

"बरं बाबा, म्हणालो. चुकलं. या आता, कोट पडलेत."

"उद्या येतो. आज मला घरी पाठवलंय." काकांनी बटणाला गाठ मारली आणि ताईकडे बघितलं. "नक्षी भरताना चौथ्या डोक्याचा दोरा सैल ठेव. आणि तोंड बंद ठेवून ऐक, दोरा तुटायच्या आधी सुईचा आवाज बदलतो."

दोन वाजले होते. मशीन तिलाच चालवावं लागलं. तिने बारा कोट ताणून बसवले, चौथा दोरा सैल केला, हिरवं बटण दाबलं. पहिल्या फेरीला तीन दोरे तुटले, दुसरीला पाच. मेहुणा खुर्ची ओढून बघायला बसला. तिने त्याच्या हातात रिळांची पेटी दिली आणि म्हणाली, "मागेन तो रंग द्यायचा." तो दिला त्याने. सहाव्या फेरीनंतर तिला आवाज कळायला लागला. म्हणजे कळतोय असं वाटायचं आणि दर दुसऱ्या वेळी चुकायचं.

पाचला दवाखान्याचा माणूस आला तेव्हा दहा फेऱ्या झाल्या होत्या. चौऱ्याऐंशी कोट कोरेच.

"हे काय, ताई? कुणी घोळ घातला?"

मेहुण्याने तोंड उघडलं. मालक जिन्यावर थांबले.

"मी," ती म्हणाली. "बसा. साडेसातपर्यंत देते. आणि बोलू नका मधे, मला ऐकू येत नाही."

माणूस बसला. तिने पुढचे बारा कोट उचलले.