न कापता, न ठोकता

"कापायची नाय, ठोकायची नाय, वेल्डिंगचं तर नावच काढू नका. आन् टायर मातर मोठे पायजेत, चांगले रुंद. गाडी चार बोटं वर उचलली पायजे."

आमच्या सातपूरच्या टायरच्या दुकानासमोर उभं राहून पुंजाराम हे बोलला, तेव्हा मी मागच्या खोलीच्या दारात कणीक मळत होते. मला हसूच आलं. म्हणजे अंग वाढलं तरी पोलकं लग्नातलंच घालायचं, आणि तेही न उसवता! पण आमच्या ह्यांना गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणणं जन्मात जमलं नाही.

"चार नाही जमणार, दोन बोटं उचलून देतो," हे म्हणाले. "सावळीराम नाव आहे माझं. अख्ख्या सातपुरात टायरातलं मला कुणी शिकवायचं नाही."

गाडी म्हणजे अ‍ॅम्बॅसडरची स्टेशन वॅगन, मागे माणूस पाय पसरून झोपेल एवढी लांब जागा असलेली. ती पुंजारामची नव्हती. पिंपळगावचा कांद्याचा व्यापारी खंडेराव हा त्याच्या बायकोचा मामेभाऊ. त्याने ती सहा महिन्यांसाठी दिली होती, एकाच अटीवर: जशी नेली तशी परत आणायची.

"एवढी उंच कशाला हवी?" मी विचारलं. मधे बोलायची मला खोडच आहे, ती आता जायची नाही.

पुंजारामची द्राक्षबाग दिंडोरीकडे. छाटणीच्या वेळी त्याची बायको कलाबाई शिडीवरून पडली आणि तिचा मणका दुखावला. दर गुरुवारी तिला नाशिकच्या दवाखान्यात शेकायला आणि व्यायामाला आणायचं, तेही आडवी झोपवून. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने एकही फेरी चुकवू नका, बाई चालेल; चुकवलीत तर खाट सुटायची नाही. पण मळ्यातून बाहेर पडायला वाट एकच, आणि त्या वाटेवरच्या ओहोळात मधोमध कातळ. भराव टाकला की पाटाचं पाणी तो घेऊन जायचं. गाडीचं पोट दर वेळी त्या कातळावर आदळायचं.

"गेल्या बारीला आदळली तशी ती किंचाळली न् शुद्धच हरपली," पुंजाराम म्हणाला. "आता म्हनती, मला हितंच मरू द्या, पर त्या गाडीत घालू नका."

एवढा दांडगा गडी, पण बोलता बोलता त्याचे डोळे भरले. मी हात धुतले आणि चहा ठेवला.

ह्यांनी दोन दिवस भंगारवाले पालथे घातले आणि दोन नंबर मोठी, रुंद टायरं शोधून आणली. चारही चढवली. ह्यांची तपासायची रीत ठरलेली: टायर आणि मडगार्ड यांच्या फटीतून बोट फिरवायचं. बोट फिरलं की काम झालं. बोट फिरलं. गाडी अशी झोकात उभी राहिली की बघत राहावं. पुंजाराम राम राम करून खुशीत गेला आणि हे शीळ घालत जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी तो परत आला, एकटाच.

"घात झाला, सावळीरामभाऊ. भ्या मोडावं म्हनून काल सांजचंच तिला झोपवली, संगं माझी आई न् भावजय बसली, न् पहिल्याच वळनाला मागनं खर्रर्र! रबर जळाल्याचा वास. ती जी भ्याली, उतरवा, उतरवा म्हनून… ओहोळापतुर गेलोच नाय."

हे गाडीखाली शिरले. बाहेर आले ते मुठीत रबराचा भुगा घेऊन. ह्यांचा चेहरा असा पडलेला मी फक्त सासरे गेले तेव्हा पाहिला होता.

"बोट तर फिरत होतं," हे पुटपुटले.

"बोट फिरवलंत तेव्हा गाडीत कोण होतं?" मी विचारलं.

"कोण असणार? रिकामी होती."

"मग! रिकामी मोजलीत आणि चार माणसांसाठी दिलीत. माणसं बसली की गाडी खाली बसणारच की."

"तू तुझ्या पोळ्यांचं बघ," हे खेकसले. मीही काही कमी नाही. परात आपटून आत गेले. पाच मिनिटं झाली नसतील, हेच दारात उभे.

"लता, कणीक आहे का गं मळलेली?"

दोन वेळची कणीक त्या गाडीने खाल्ली! ह्यांनी चारही मडगार्डांच्या आत तिचे जाड गोळे थापले. टायर किती जवळ येतं ते कणीक सांगणार होती. आता हवं होतं वजन.

"निदान पाच माणसांचं तरी पाहिजे," हे म्हणाले.

"मग सुमनबाईला बोलवा, तिघांचं काम एकटीच करेल."

शेजारच्या सुमनबाईने ते ऐकलं, मला दोन शिव्या हासडल्या आणि सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. पाठोपाठ मी आणि चाळीतल्या आणखी दोघी. पुंजारामने स्टेअरिंग पार टोकापर्यंत वळवून गाडी कारखान्याच्या फाटकापुढच्या खड्ड्यातून घातली. पहिली पाळी नुकतीच सुटली होती. कामगार सायकली थांबवून बघायला लागले.

"सावळीराम, वरात कुणाची रे?" एकाने विचारलं.

"तुझ्या सासूची!" सुमनबाईने आतून उत्तर दिलं.

परत येऊन बघतो तर मागच्या डाव्या चाकावरची कणीक टायराने साफ खरवडून नेली होती. ह्यांनी सायकल काढली, पुन्हा भंगारवाल्याकडे गेले आणि एक नंबर धाकटी टायरं घेऊन आले. पुन्हा कणीक, पुन्हा सुमनबाई, पुन्हा तोच खड्डा. या वेळी गोळा दबला, पण बोटभर जाड शिल्लक राहिला.

"गाडी दीडच बोट उचलली जाईल," ह्यांनी पुंजारामला सांगितलं. "पण घासणार नाही. आधीची चूक माझी होती. मी चुकलो."

बारा वर्षांच्या संसारात हा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तोही परक्या माणसाला. मला अजून मिळायचाय!

"गाडी झाली वो," पुंजाराम म्हणाला, "पर ती बसंल का? उद्या गुरुवार हाय."

"सकाळी आम्ही येतो," मी म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मधे बोलले नाहीत. हेही नवलच.

कलाबाई ओट्यावर खाटेवर पडली होती, भिंतीकडे तोंड करून. मी तिच्या उशाशी बसले.

"मी टायरवाल्याची बायको. परवाची चूक आमची होती. आज तुमच्या जागेवर आधी मी झोपून जाते. तुम्ही इथून बघा."

ओट्यावरून ओहोळ समोरच दिसत होता. मी मागच्या गादीवर आडवी झाले. दोन्ही बाजूंना तिची सासू आणि जाऊ बसल्या, हे पुढे पुंजारामशेजारी. खरं सांगते, मला भीती वाटली. कातळाची नव्हे. पुन्हा खर्र वाजलं असतं तर ह्यांचं तोंड मला बघवलं नसतं. पुढची चाकं कातळावर चढली, मग मागची. मी डोळे घट्ट मिटून खालच्या दणक्याची वाट बघत राहिले. दणका आलाच नाही. गाडी पलीकडे जाऊन, वळून परत आली.

कलाबाईने मान इकडे फिरवली होती. "पाठीला लागलं?" तिने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खोटं बोलणं सोपं होतं, पण जीभ वळेना.

"हिसका बसतो," मी म्हणाले. "दोनदा. पुढची चाकं उतरताना एक, मागची उतरताना एक. पण खालून आदळत नाही."

पुंजारामने कपाळाला हात लावला. कलाबाई मात्र माझ्याकडे बघत राहिली.

"समदी म्हनत्यात, कायबी व्हनार नाय," ती म्हणाली. "हिसका बसतो म्हनून कुनी सांगितलंच नव्हतं." मग नवऱ्याला म्हणाली, "घाला मला गाडीत."

मी तिच्याजवळ बसले. ओहोळ आला तसा तिने माझा हात आवळला.

"एक," ती दात दाबून म्हणाली. मग, "दोन. झालं?"

"झालं."

ती रडली, पण हसत रडली. मीही.

त्या तीन महिन्यांत तिची एकही फेरी चुकली नाही. पुढे गाडी खंडेरावाला परत द्यायची वेळ आली, तेव्हा पुंजाराम जुनी टायरं बसवून घ्यायला आमच्याकडे आला. कलाबाई पुढच्या सीटवर बसून आली होती. दार धरून, काठी टेकत स्वतःच खाली उतरली. हे जॅक टाकून खुर्ची घेऊन धावले.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "लय दिवस पडून काढले. जरा उभी ऱ्हाते."

पहिलं चाक निघालं, दुसरं निघालं. ती उभीच. ती दमेल म्हणून हे भराभर नट सोडत होते, घामाघूम झाले होते.

"सावकास व्हऊ द्या," काठीवरचा हात न बदलता कलाबाई म्हणाली, "मला कायबी घाई नाय."