शेंदराखालचा काटा

रायभान ड्रायव्हरला इंजिनाची शिंकसुद्धा ऐकू येते, असं ताडकळसमध्ये लोक म्हणत, आणि रायभानने ते कधी नाकारलं नव्हतं. नाकारील कशाला? धनगराच्या घरात जन्मून हा गडी मेंढरांमागे न जाता मोटारीच्या नादी लागला. निजामाच्या अमलात हैदराबादेत क्लीनर म्हणून राबला, उर्दू शिक्क्याचं लायसन खिशात घालून गावी परतला आणि तेव्हापासून निव्वळ कानाच्या जिवावर गाडी हाकत आला. इंजिन जरा कण्हलं तरी तो गाडी बाजूला घेई आणि नेमका तिथेच पाना लावी. आता घोटाळा एवढाच झाला होता, की तेच कान त्याला सोडून चालले होते.

आधी बारीक आवाज गेले. भांड्यांचे, पाखरांचे. त्याचं त्याला काही वाटलं नाही. मग माणसांचे शब्द एकमेकांत मिसळायला लागले, आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलायची त्याला सवय लागली. त्याच्या बायकोच्या, कासाबाईच्या, हे सगळ्यात आधी लक्षात आलं. पाठीमागून हाक मारायचं सोडून ती समोर येऊन बोलायला लागली, इतकंच.

पण इंजिनाला ओठ नसतात.

त्याचे मालक व्यंकटराव अडतवाले. लष्कराच्या लिलावातून त्यांनी एक छोटी मालमोटार उचलली होती, पुढे दोन-तीन माणसं बसतील आणि मागे पोती मावतील अशी. ती पेट्रोल ढोसायची म्हणून परभणीच्या चाँदपाशा मिस्त्रीकडून तिचं पोट फाडून डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. इंजिन चांगलं लागलं, पण डॅशबोर्डावरचे जुने काटे जुन्या इंजिनाचे. ते मेले ते मेलेच. रायभानला त्यांची गरजही नव्हती. काटे बघून हाकणाऱ्यांना तो शिकाऊ म्हणायचा, तेही तोंडावर.

श्रावणात चुडाव्याच्या रस्त्यावर त्याची ही मिजास उतरली. इंजिनातलं ऑइल आटलं होतं, आत लोखंडावर लोखंड वाजत होतं, आणि हा आपला मजेत बिडी ओढत चालला होता. समोरून येणाऱ्या एका लॉरीवाल्याने हातवारे करून थांबवलं म्हणून इंजिन वाचलं. त्या लॉरीवाल्याने ही गंमत पूर्णेत सांगितली, पूर्णेहून ती ताडकळसच्या बाजारात आली, आणि बाजारातून मालकाच्या ओसरीवर जायला तिला कितीसा वेळ लागणार? व्यंकटरावांचा पुतण्या भुजंग नुकताच लायसन काढून बसला होता. त्याचे डोळे त्या स्टिअरिंगवर होतेच.

दोन रात्री रायभानचा डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी गेली तर काय, पोटाचं कसंही भागलं असतं; भावांची मेंढरं होती. पण ज्या गावात आपण मोटारीतून धूळ उडवत आलो, त्याच गावातून काठी घेऊन मेंढरांमागे निघायचं, या विचाराने तो अंथरुणात उठून बसायचा. शेवटी तो परभणीला चाँदपाशाकडे गेला आणि म्हणाला, डिझेलचा आवाज फार रांगडा असतो, मालकाच्या गाडीला तेलाचा आणि पाण्याचा असे दोन काटे बसवून द्या.

चाँदपाशाने भंगारातून दोन चांगले काटे शोधून काढले. पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याची नळी त्याने इंजिनाच्या डोक्यात बसवली. तेलाचं काम नाजूक होतं. इंजिनाच्या कुशीतला एक बोल्ट काढून तिथे तांब्याची बारीक नळी जोडायची, ती पत्र्याच्या भोकातून आत आणायची आणि काट्याच्या पाठीला आवळायची. इंजिनातलं तेल त्या नळीतून काट्यापर्यंत येतं आणि आपल्या जोराने काटा वर ढकलतं. भोकात रबर घालायचं, नाहीतर पत्रा नळीला कापतो. नळीला मध्ये एक सैल वेटोळं द्यायचं, नाहीतर हादऱ्याने नट ढिला होतो आणि ज्या नळीने तेलाची खबर द्यायची तीच सगळं तेल ओकून टाकते. मिस्त्री बॉनेटमध्ये मान घालून हे सगळं सांगत होता आणि रायभान बाहेर उभा राहून प्रत्येक वाक्याला ‘जी, जी’ करत होता.

मिस्त्री बोलायचा थांबला. तरी रायभानचं ‘जी’ चालूच राहिलं.

चाँदपाशाने मान बाहेर काढली, हात पुसले आणि त्याच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, तोंड उघडून. शेवटी तेलाच्या काट्यावर बोट ठेवून म्हणाला, “अब कानां पे भरोसा नक्को, भाऊ. ये गिरा तो इंजन उसी जगह बंद करना.”

रायभानला रडू यायचं बाकी होतं. इंजिन चालू केलं तेव्हा तेलाचा काटा थरथरत वर चढला आणि मधोमध जाऊन थांबला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याला आपलं इंजिन जिवंत असल्यासारखं वाटलं.

व्यंकटरावांना मात्र ही थेरं वाटली. कानाने हाकणाऱ्या माणसाला एकाएकी काटे कशाला लागावेत, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांनी तोंडावर काही विचारलं नाही. दसऱ्याला आईला परभणीला तिच्या लेकीकडे सोडायचं आहे, मीही शेजारी बसून येतो, असं फक्त कळवलं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी भुजंगने मात्र बाजारात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की काका उद्या ड्रायव्हरचे कान तपासणार आहेत.

दसऱ्याच्या सकाळी गोदामापुढे गाडीची पूजा होती. व्यंकटरावांची आई झुंबरबाई ताट घेऊन आली. तिच्या पुढे गावात कुणाची बोलायची छाती नव्हती, मुलाची तर नाहीच. रायभान मागची चाकं धूत होता तोवर तिने बॉनेट उघडायला लावून इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा ओला जाडजूड हार आत कुठेतरी बांधला आणि बॉनेट मिटवलं. मग ती पुढच्या दाराने आत वाकली. डॅशबोर्डावर दोन नवे गोल, काचेचे, चकचकीत डोळे तिला दिसले. गाडीत देव बसायचा तर तो तिथेच बसणार, याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. तेलात कालवलेला शेंदूर तिने बोटांनी दोन्ही काचांवर थापला, चांगला जाड.

रायभान धावत पुढे आला तेव्हा काम झालं होतं. दोन्ही काटे लाल लगद्याखाली गेले होते. त्याचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला आणि तिथेच अडकला. लावलेला शेंदूर पुसायचा? दसऱ्याच्या दिवशी? आणि तोही झुंबरबाईने लावलेला? शिवाय पुसायचा तर का, हे सांगावं लागलं असतं. व्यंकटराव दाराशी उभे राहून त्याच्याचकडे बघत होते.

“अडचण हाय का काही?” त्यांनी विचारलं.

ओठ दिसले म्हणून कळलं. “न्हाई मालक,” रायभान म्हणाला.

म्हातारी पूजेचं ताट मांडीवर घेऊन मधे बसली, मालक दाराशी. गाडी निघाली. वाटेत लोक आपट्याची पानं घेऊन चालले होते, बैलांच्या शिंगांना झेंडू होता, आणि रायभानला यातलं काही दिसत नव्हतं. एक डोळा रस्त्यावर आणि एक मालकाच्या ओठांवर ठेवताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. मालक दोनदा काही बोलले. एकदा त्याने हसून मान हलवली, एकदा नुसतं ‘व्हय’ म्हटलं. दोन्ही वेळा खपून गेलं असावं, असं त्याने मानून घेतलं.

पिंगळी मागे पडली आणि त्याच्या तळपायांना काहीतरी वेगळं लागलं. पायाखालचा पत्रा रोजच्यासारखा थरथरत नव्हता; मधेच बारीक दणके बसत होते. की रस्ताच खराब होता? मग जळक्या तेलाचा वास आला. पण म्हातारीच्या ताटातला धूप अजून धुमसत होता, वासाचं काय सांगावं? त्याने कानांना ताण दिला. पूर्वी याच कानांनी त्याला कोणत्या सिलिंडरात काय दुखतंय ते सांगितलं असतं. आता आत नुसता विहिरीत घुमल्यासारखा घुंऽऽ आवाज. समोर शेंदराचे दोन लाल गोळे.

त्याने मालकाकडे पाहिलं. व्यंकटराव रस्त्याकडे बघत नव्हते. ते त्याच्याकडेच, टक लावून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी चाखून बघणाऱ्या माणसाचा भाव होता.

म्हणजे त्यांना काहीतरी ऐकू येत होतं! इंजिनात ठोका पडत असेल, तर मालक ऐकून गप्प बसले होते. ड्रायव्हरला ऐकू येतं की नाही, ते बघायला. स्वतःचं इंजिन जळू देऊन दुसऱ्याचे कान तपासणारा हा मालक! आणि ठोका पडत नसेल, तर उगाच गाडी थांबवून आपणच आपलं पितळ उघडं पाडणार. परभणी फार लांब नव्हती. तेवढं अंतर निभावलं, तर कुणाला काही कळलं नसतं. आणि इंजिन जाम झालं, तर ते नवं आहे, मिस्त्रीने नीट बसवलं नाही, असं म्हणता आलं असतं. चाँदपाशाचं नाव पुढे करायचं की झालं. हा विचार त्याच्या मनात आला, चांगला घोळलाही, आणि त्याची त्याला शरम वाटली. घराबाहेर समोर येऊन, तोंड उघडून दुसऱ्यांदा सांगणारा मिस्त्री हा एकटाच माणूस होता.

रायभानने उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने तेलाच्या काचेवरचा शेंदूर एका फटक्यात पुसून काढला.

काटा तळाला पडला होता.

त्याने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि गाडी ओघाने बाभळीखाली नेऊन उभी केली. झुंबरबाईने त्याचं मनगट धरलं होतं. तिचं तोंड वेगाने चाललं होतं, आणि ती काय म्हणते हे कळायला कानांची गरज नव्हती. देवाचा शेंदूर त्याच्या अंगठ्याला लागला होता. व्यंकटरावांनी आईचा हात बाजूला केला आणि सावकाश, त्याला दिसेल असं विचारलं, “पिंगळीपासून खडखड व्हायलीय. तुला ऐकू आली न्हाई?”

“न्हाई मालक,” रायभान म्हणाला. “सालभर झालं, मला ऐकू येईना. म्हणून तर हे काटे लावून घेतले.”

बोलून झालं आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की आपण गाडी गमावून बसलो हे क्षणभर ध्यानातच आलं नाही.

बॉनेट उघडलं तर आत सगळं तेलाने माखलेलं. तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातच झेंडूचा तो ओला हार लटकत होता. तांबं म्हणजे देवाचं, म्हणून म्हातारीने नेमकी तीच नळी धरली होती. हाराच्या ओझ्याने हिसके बसून बसून नट सुटला होता. रायभानने हार सोडला, डोक्याला लावून बाभळीच्या फांदीवर ठेवला, नट आवळला, डब्यातलं तेल इंजिनात ओतलं. झुंबरबाई शेजारी उभी राहून बघत होती. तिची नजर त्या हारावरून हलत नव्हती.

इंजिन चालू झालं. काटा चढला. मालकाने हाताने खूण केली, माघारी. दसऱ्याच्या दिवशी लेकीकडे न जाता म्हातारी माघारी फिरली, यावरूनच सगळं किती बिनसलंय ते कळत होतं.

गोदामापुढे कासाबाई सकाळपासून उभी होती. रायभान खाली उतरला आणि त्याने किल्ली मालकापुढे धरली. मालकाने ती घेतली नाही. मायलेकरं त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि दोघांचं बोलणं सुरू झालं. झुंबरबाईचा हात एकदा गाडीकडे झाला, एकदा स्वतःच्या छातीकडे. व्यंकटरावांची मान नाही-नाही हलली, मग ते अर्धे वळले आणि काहीतरी बोलले. भुजंग मध्ये बोलायला गेला, तर म्हातारीने त्याला नुसत्या बोटाने मागे सारलं. रायभान हातात किल्ली धरून दोन पाठींकडे बघत राहिला. त्याचा निवाडा चार हातांवर चालला होता आणि त्याला त्यातलं एका शब्दापलीकडे काही कळत नव्हतं. मग त्याने तिकडे बघायचं सोडलं आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं.

कासाबाईचा चेहरा आधी पडला. मग भुवया आवळल्या गेल्या. मग तिने पदर तोंडावर धरला आणि तिचे डोळे भरून आले, पण ते कसे भरून आले ते त्याला ओळखता येईना.

ती पुढे आली. समोर उभी राहिली.

“गाडी तुमच्याकडंच ऱ्हाईली,” ती सावकाश म्हणाली. “भुजंग शेजारी बसंल, आवाज ऐकायला. मोठ्या बाई म्हणल्या, चूक माज्या हाताची हाय, त्याच्या कानाची न्हाई.”

रायभानने किल्ली मुठीत घट्ट धरली. मग विचारलं, “आन् मालक काय म्हणले?”

“मालक काहीच म्हणले न्हाईत,” कासाबाई म्हणाली.

ते खोटं होतं. मालक अर्धे वळले होते तेव्हा रायभानने त्यांचे ओठ पाहिले होते, आणि ‘बहिरं’ हा शब्द ओठांवर कसा दिसतो, हे त्याला वर्षभरात पाठ झालं होतं. त्याने बायकोकडे बघून मान डोलावली आणि पाण्याच्या काचेवरचा शेंदूर पुसायला फडकं काढलं.